चौतीसची पॅन्ट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका रविवारी आपल्या पुरवणीत वास्तव स्वीकारायला शिका अशा अर्थाचा एक लेख आला होता. तो मी वाचला नाही. आमच्या हिनं वाचला, लाल पेनानं जागोजागी रेघा मारल्या आणि माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला, म्हणजे सकाळी टॉवेल काढायला दार उघडलं की समोर लेख. आता कपाटच का, फ्रीज का नाही, तर त्या कपाटात एक चौतीस कंबरेची पॅन्ट अकरा वर्षं टांगलेली होती. हे पत्र त्या पॅन्टबद्दल आहे. लेखकाचे आभार मानायचे की त्याच्याशी भांडायचं ते लिहिता लिहिता ठरवतो.

पॅन्ट अशीतशी नव्हती हो. एम. टी. क्लॉथ मार्केटमधून कापड घेतलं होतं, करड्या रंगाचं, कितीही वेळ खुर्चीत बसा, चुणी म्हणून पडायची नाही. बँकेत प्रमोशनच्या इंटरव्ह्यूला तीच घातली (प्रमोशन झालं नाही, त्यात पॅन्टचा काही दोष नव्हता), मुलाच्या लग्नाच्या बोलणीला तीच. एकदा मागच्या खिशाचं बटण तुटलं आणि घरात करडं बटण सापडेना, तर हिनं आपल्या ब्लाउजच्या डब्यातलं एक मरून बटण लावून दिलं आणि म्हणाली, मागे कोण बघतंय तुम्हाला. मग एका दिवाळीत हूक आणि त्याची कडी यांच्यात एक बोट अंतर राहिलं, होळीपर्यंत दोन बोटं झालं आणि मी पॅन्ट हँगरला लावली आणि म्हंटलं, असू दे, होईल परत.

हे "होईल" फार वाईट. अकरा वर्षं गेली त्यात. मी रिटायर झालो, मुलाला मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, आणि पॅन्ट आपली तिथेच, दर दसऱ्याला कपाट आवरताना बाहेर यायची, झटकली जायची, परत आत.

आणि हे सगळं कोणत्या गावात, तर इंदूरमध्ये. म्हणजे बघा, जे गाव २०१७ पासून वर्षानुवर्षं देशात सगळ्यात स्वच्छ म्हणून नंबर काढत आलंय, जिथे कचरासुद्धा सहा प्रकारचा वेगळा करून द्यावा लागतो, ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि इलेक्ट्रॉनिक, तिथे माझ्या एका कपाटात एक पॅन्ट अकरा वर्षं कोणत्याच प्रकारात बसेना. आमच्याकडे पिवळी गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरते आणि माणसं एखादा मंत्री आल्यासारखी बादल्या घेऊन धावत बाहेर येतात. गाडीबरोबर एक बाई असते, तिची नजर म्हणजे कस्टमवाल्यांच्या वरताण. मी एकदा दाढीचं ब्लेड सुक्यात टाकलं होतं, कागदात गुंडाळून, कुणाला कळणार नाही असं. तिनं पिशवी नुसती हलवली, आवाज ऐकला आणि म्हणाली, "अंकल, ये तो अलग वाला है." चाळीस वर्षं बँकेत कुणी माझी चूक इतक्या झटपट पकडली नव्हती. आमच्या घरची भेंडीची देठं, केळ्याची सालं, चहाचा चोथा देवगुराडियाच्या प्लांटला जातात, तिथे २०२२ पासून त्याचा गॅस होतो आणि त्या गॅसवर सिटी बस चालतात. म्हणजे माझ्या घरातून निघालेलं भेंडीचं देठ गावाच्या दुसऱ्या टोकाला विजयनगरपर्यंत जाऊन येतं आणि मी मात्र हँगरसमोर उभा.

तर तो लेख कपाटाला लागला आणि त्याच आठवड्यात माझा शुगरचा रिपोर्ट आला. आत्तापर्यंत मी काय करायचो ते सांगतो, इंदूरच्या निम्म्या माणसांना ही युक्ती माहिती आहे. टेस्टच्या आधी तीन दिवस जलेबी बंद, भात बंद, रात्रीचं सराफ्यात जाणं बंद, सकाळ संध्याकाळ मेघदूत गार्डनला चार चकरा, आणि मग उपाशीपोटी रक्त द्यायचं. आकडा असा सज्जन यायचा की डॉक्टर स्वतः खूश. यावेळी डॉक्टरांनी वेगळीच टेस्ट लिहून दिली, एचबीएवनसी. मी विचारलं हे काय असतं, तर म्हणाले, रक्तातल्या लाल पेशी सुमारे एकशेवीस दिवस जगतात, तेवढ्या दिवसांत रक्तात जी साखर फिरते ती त्यांना चिकटून बसते, त्यामुळे गेल्या दोन तीन महिन्यांची सरासरी निघते. म्हणजे ही टेस्ट परीक्षेच्या आदल्या रात्री जागून पास होणाऱ्यातली नाही, ही वर्षभराची वही तपासते. साडेसहा किंवा त्याच्या वर गेलं की डायबिटीस. माझं सात पॉइंट एक. त्यात गणपतीचे मोदक होते, नवरात्रातलं एक लग्नाचं जेवण होतं, आणि सराफ्यातल्या त्या सगळ्या रात्री होत्या ज्या मी घरी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून काढल्या होत्या. सराफा म्हणजे बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, दिवसा सोनारांची दुकानं, ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर रात्री खाण्याचे ठेले लागतात. भुट्ट्याचा कीस, गराडू (म्हणजे तळलेला कंद), रबडी, ताटलीएवढा जलेबा. दिवसा बायको कंगाल करते आणि रात्री आपण स्वतः, असं माझे एक मित्र म्हणायचे. त्यांना आता इन्सुलिन आहे, ते असं काही म्हणत नाहीत.

रिपोर्ट हिनं वाचला. काही बोलली नाही. फक्त लाल पेन घेतलं आणि लेखातल्या आणखी एका ओळीखाली रेघ मारली. मी बघितलं नाही कोणती ओळ ते.

आता खरं सांगू का, वास्तव स्वीकारायला आम्हा इंदूरकरांना कुणी शिकवायची गरज नाही असं मला वाटत होतं. आमची तर सवयच ती. आमच्याकडे नळाला पाणी येत नाही, नर्मदा येते. असंच म्हणतात, "नर्मदा आली का?", "आज नर्मदा कमी प्रेशरनं आली." १९७८ साली जलूदहून, सत्तर किलोमीटरवरून, विंध्याचा घाट चढवून ती इंदूरला आणली आणि आता ती एक दिवसाआड येते. लोक वर्षानुवर्षं पायी चालून तिची परिक्रमा करतात, अनवाणी, भिक्षा मागत, आणि इथे ती स्वतः डोंगर चढून आमच्या दारात येते तर आम्ही काय म्हणतो, "अगं बंद कर, टाकी भरली." तर ही एक दिवसाआड. आज आली म्हणजे उद्या नाही. चादरी धुवायच्या का नाही, पाहुणे कोणत्या दिवशी बोलवायचे, केस कधी धुवायचे, सगळं तिच्या कॅलेंडरवर. पहाटे पाचचा अलार्म, मोटर, पाइप, आणि गल्लीत एकामागून एक मोटरी सुरू झाल्याचा घूंऽऽ आवाज. कुणी तक्रार करत नाही. बस आणि रस्त्याचंही तसंच. २०१३ साली बस रस्त्याच्या मधोमधच चालायला पाहिजे म्हणून रेलिंग लावलं, आम्ही स्वीकारलं. मग दहा-बारा वर्षांनी मधोमध नको म्हणून ते काढायला लागले, तेही स्वीकारलं. मेट्रो ३१ मे २०२५ ला सुरू झाली, पहिला आठवडा फुकट होती, मी बसून आलो. गांधी नगर ते सुपर कॉरिडॉर, सहा एक किलोमीटर. तिकडे माझं काही काम नव्हतं, कुणाचंच नव्हतं, सगळे गेलो, फोटो काढले, परत आलो. छान वाटलं.

म्हणजे गावाचं सगळं मला चालतं. माझं स्वतःचं मात्र नाही. हे मला त्या पॅन्टमुळेच कळलं, आणि थोडं पुण्यामुळे.

पुण्याचं असं आहे की आमच्या घरात वडील आयुष्यभर म्हणायचे, रिटायर झालो की पुण्याला जाऊ. म्हणजे मूळचं आमचं कोण केव्हा होळकरांच्या मागे इकडे आलं कुणाला ठाऊक, पाच सहा पिढ्या झाल्या असतील, पण बोलताना "आपल्याकडे" म्हणजे तिकडे. "आपल्याकडे असं नसतं." वडील रिटायर झाले, मग म्हणाले घराचं वरचं काम झालं की जाऊ, मग बहिणीचं लग्न झालं की, मग गुडघा बरा झाला की. सुदामा नगरच्या घरातच गेले. मी त्यांचाच मुलगा, मी पण "होईल, जाऊ कधीतरी" म्हणत राहिलो, आणि शेवटी मी नाही, मुलगा गेला पुण्याला, हिंजवडीत नोकरी, बारा माळ्यावर फ्लॅट. आता आम्ही जातो वर्षातून दोनदा, पाहुणे म्हणून.

मागच्या खेपेला नातीला फ्रॉक घ्यायला गेलो. दुकानदाराला मी चांगल्या मराठीत म्हणालो, "हा रंग मला पसंत नाही आला, तो वरचा काढून द्या जरा." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि अगदी आपुलकीनं म्हणाला, "कौन सा चाहिए अंकल?" मी परत मराठीत, तो परत हिंदीत. मी म्हंटलं, अहो मी मराठी आहे. तर म्हणतो, "हां हां, अच्छा बोलते हो आप." मुलगा बाजूला उभा राहून हसून राहिला होता. आमचं मराठी असंच आहे, आम्ही जाऊन राहिलेलो असतो, येऊन राहिलेलो असतो, दही आंबट नाही, खट्टं झालेलं असतं. लहानपणापासून हेच कानावर, त्यात चूक काय ते आम्हाला तिकडे गेल्यावर कळतं. घरी आल्यावर मी नेहमीचं शस्त्र काढलं, म्हंटलं, लता मंगेशकरांचा जन्म इंदूरचा, राहुल द्रविडचा जन्म इंदूरचा, होळकरांच्या टीमनी चार वेळा रणजी जिंकली, कोण हसतंय आमच्या मराठीला? सूनबाई म्हणाली, "बाबा, पण ते दोघंही लहानपणीच तिथून गेले ना." आता याला काय उत्तर आहे, मी सी. के. नायडूंकडे वळणार होतो, पण ते मुळात नागपूरचे, म्हणून गप्प बसलो.

त्याच मुक्कामातली गोष्ट. मुलाकडे चोवीस तास पाणी. पहाटे पाचला मला जाग आली, अलार्म नव्हता तरी. उठलो, अंधारात चाचपडत किचनमध्ये गेलो आणि सिंकच्या नळाला कान लावून उभा राहिलो. सवयीनं. नात पाणी प्यायला उठली होती, ती दारात येऊन बघत राहिली. "आजोबा, काय ऐकताय?" मी म्हंटलं, नर्मदा आली का बघतोय. ती म्हणाली, "आजोबा, इथे मुळा आहे." आणि जाऊन झोपली. मला हसू आलं आणि मग एकदम असं वाटलं की अरे, आपण काही पुण्याला जायचे राहिलेलो नाही, आपण तर इथे आलोच नव्हतो कधी आणि येणारही नाही. आपल्याकडे म्हणजे सुदामा नगर. याच्यात वाईट वाटण्यासारखं काही सापडेना, बराच वेळ उभं राहून शोधलं तरी.

इंदूरला परत आल्यावर मी टेलरकडे गेलो. घरी न सांगता. राजवाड्याच्या मागे एका बोळात त्याचं दुकान आहे, दुकान म्हणजे एक मशीन, एक आरसा आणि एक स्टूल, तीसेक वर्षांपासून माझं माप त्याच्या वहीत आहे. त्यानं टेप कमरेला लावली आणि मी काय केलं असेल, श्वास आत ओढला. अगदी नकळत. आर्मीच्या भरतीला उभा असल्यासारखा. तो टेप धरून थांबला. मीही थांबलो. रस्त्यावरून दोन रिक्षा गेल्या. मग तो म्हणाला, "बाबूजी, सांस छोड़ दो. पैंट आपको पेननी है, मेरे को नी."

मी श्वास सोडला. टेप सरकत गेली, आम्ही दोघंही खाली वाकून बघत होतो, जशी काही दुसऱ्याच कुणाची कंबर आहे. "अड़तीस," त्यानं स्टुलावरच्या पोराला ओरडून सांगितलं, बोळातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. जुन्या वहीत चौतीसवर काट मारली आणि वर अडतीस लिहिलं. मग म्हणाला, आत दीड इंच कपडा दाबून ठेवतो, पुढे कामाला येईल. शिवताना आत असा जास्तीचा कपडा सोडतात ना, त्याला आपल्याकडे (म्हणजे कुठे ते आता विचारू नका) माया म्हणतात. आई शिवणकाम करायची, तिच्या तोंडी असायचं, "माया ठेवली आहे गं, पुढच्या वर्षी सोडून घे." मी म्हंटलं, दीड नको, एकच ठेव. तो म्हणाला, "डेढ़ ही ठीक रेगा." मी वाद घातला नाही.

नवी पॅन्ट आली. घातली, बसलो, उठलो, वाकून चप्पल घातली, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही की अकरा वर्षांत पहिल्यांदा जेवण झाल्यावर हूक काढावा लागला नाही. हिनं बघितलं, काही बोलली नाही, कपाटातली जुनी पॅन्ट काढून आणली, मांडीवर पसरली, खिसे तपासले. एका खिशात खजराना गणपतीचा कुंकू लावलेला कागद आणि सिटी बसचं तिकीट निघालं, अक्षरं उडालेलं. तिनं पॅन्ट धुतली, इस्त्री केली (देऊन टाकायच्या कपड्याला इस्त्री, हे तिचं मला कधी कळलं नाही) आणि मी ती जुने कपडे घेतात त्या सेंटरवर देऊन आलो. तिथल्या मुलानं ढिगावर टाकली. पाच सेकंद लागले. अकरा वर्षं आणि पाच सेकंद.

इथेच पत्र संपवणार होतो. पण मागच्या गुरुवारी काय झालं ते सांगितलं पाहिजे.

सकाळी फिरून येताना मी पोहे खाल्ले. डॉक्टरांनी जलेबीला मना केलंय, पोह्यांना नाही, निदान मला तसं ऐकू आलं. आमच्याकडचे पोहे तुमच्यासारखे कढईत परतून झाकून ठेवत नाहीत, उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मोठं पातेलं चढवून वाफेवर ठेवतात, सकाळी सहाचे पोहे दहालासुद्धा मऊ. वर कच्चा कांदा, सेव, जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा आमच्याकडचा मसाला), लिंबू. ठेल्यावर नवीन पोरगा होता, वीस बावीस वर्षांचा, काटकुळा, कागदाच्या प्लेटा पटापट भरत होता. मला त्याची पॅन्ट आधी दिसली नाही, पुढे ठेला होता ना. मग तो मागच्या बादलीतून चमचा घ्यायला वळला आणि वाकला. करडा रंग. मागच्या खिशाला मरून बटण.

मी प्लेट हातात धरून तसाच उभा. बसली किती छान होती त्याला! कमरेला एक सुरकुती नाही, पट्टासुद्धा लागला नव्हता. फक्त खाली उंचीला जरा आखूड होती, त्यानं खालची दुमड उसवून लांबी वाढवून घेतली होती, जुन्या दुमडीची फिकी रेघ घोट्याजवळ दिसत होती. म्हणजे तिथेही माया ठेवलेलीच होती की टेलरनी, मला अकरा वर्षांत कळलंच नाही. मला वाटलं सांगावं त्याला, बेटा, ही घालून इंटरव्ह्यू दिलाय मी. मग वाटलं, प्रमोशन झालं नव्हतं, कशाला अपशकुन.

"और सेंव डालूं क्या, बाबूजी?" त्यानं विचारलं.

म्हंटलं, डाल भिया. जीरावन पण डाल.

तो लेखकाचा विषय राहिलाच. त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि पुढच्या वेळी लेख जरा लांब लिहायला सांगा, कपाटाच्या दाराला मावणार नाही असा. आणि एक विनंती, हे पत्र छापलंत तर यापुढची ओळ तेवढी गाळा, घरी पेपर आधी ती वाचते आणि लाल पेन अजून संपलेलं नाही. त्या दिवशी पोह्यांबरोबर अर्धी जलेबी घेतली होती.

आपला,
एक जुना वाचक
सुदामा नगर, इंदूर